रिकाम्या घरांची कुलपं तोडून राहायला गेलेले बंगाली: लंडनच्या 'भाग' आंदोलनाची गोष्ट आणि त्याचं पुणे कनेक्शन

लंडनच्या पूर्व भागात ब्रिक लेन नावाचा एक रस्ता आहे. रस्त्यांच्या पाट्या इंग्रजीसोबत बंगालीतही आहेत, दोन्ही बाजूंना करी हाऊसेस आहेत आणि या परिसराला 'बांगलाटाऊन' म्हणतात. अधिकृत वॉर्डाच्या नावातही हा शब्द आहे. लंडनला फिरायला जाणारे आपल्याकडचे लोकही इथे आवर्जून जातात, फोटो काढतात.

पण पन्नास वर्षांपूर्वी याच गल्ल्यांमध्ये बंगाली माणसाला संध्याकाळी एकट्याने घरी जायची भीती वाटायची. सरकारी घर मिळायचं नाही आणि मिळालंच तर ते अशा वस्तीत असायचं, जिथे खिडकीवर दगड ठरलेला.

मग हे लोक या भागात टिकले कसे? याचं उत्तर १९७६ मध्ये सुरू झालेल्या एका आंदोलनात सापडतं. त्याचं नाव 'बेंगाली हाऊसिंग ॲक्शन ग्रुप', आणि त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तयार झालेला शब्द 'भाग'. ते उभं करणाऱ्यांपैकी एक जण चक्क पुण्याचा होता.

हे सगळं प्रकरण काय होतं, ते टप्प्याटप्प्याने समजून घेऊ.

हे लोक लंडनला आले कुठून?

ब्रिटनमधले बहुतांश बांगलादेशी मूळचे सिल्हेट या एकाच भागातले. ब्रिटिश काळात सिल्हेटचे लोक जहाजांवर खलाशी म्हणून काम करायचे. जहाज लंडनच्या गोदीला लागलं की काही जण तिथेच उतरून राहायचे. अशी वस्ती हळूहळू तयार झाली.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनला कामगारांची गरज होती, त्यामुळे १९५० आणि ६० च्या दशकात सिल्हेटहून आणखी पुरुष आले. कपडे आणि चामड्याचे जॅकेट शिवणाऱ्या छोट्या कारखान्यांत त्यांना काम मिळालं. एका खोलीत अनेक जण राहायचे. दिवसपाळीवाला उठला की रात्रपाळीवाला त्याच पलंगावर झोपायचा. गिरणगावातल्या चाळींत कोकणातून आलेले गिरणी कामगार जसे राहायचे, साधारण तसंच.

तोपर्यंत घराचा प्रश्न कसाबसा निभावून जात होता, कारण बायका-मुलं गावी होती. पण १९६२ पासून ब्रिटनने स्थलांतराचे कायदे कडक करायला सुरुवात केली. १९७१ च्या इमिग्रेशन ॲक्टनंतर दार आणखी अरुंद झालं. आज कुटुंब आणलं नाही तर उद्या आणताच येणार नाही, असं लोकांना वाटू लागलं. त्यात १९७० चं भीषण चक्रीवादळ आणि १९७१ चं बांगलादेश मुक्तियुद्ध. या सगळ्यामुळे सत्तरच्या दशकात कुटुंबं लंडनला येऊ लागली.

तेही सोपं नव्हतं. ढाक्यातल्या ब्रिटिश कार्यालयात अर्ज केला की मुलाखतीसाठी वर्षानुवर्षं थांबावं लागायचं. नवरा-बायकोला, मुलांना वेगवेगळं बसवून घरातल्या बारीकसारीक गोष्टी विचारायचे आणि उत्तरं जुळली नाहीत की नातं खोटं ठरवून अर्ज फेटाळायचे. आज आपल्याला डीएनए चाचणी म्हटलं की गुन्हे आठवतात, पण या तंत्राचा प्रत्यक्ष प्रकरणात अगदी सुरुवातीचा वापर १९८५ मध्ये ब्रिटनमध्ये एका इमिग्रेशनच्या केसमध्येच झाला. ते कुटुंब घानाचं होतं. पुढे अशा चाचण्यांतून अनेक बांगलादेशी मुलांचं नातंही खरं असल्याचं सिद्ध झालं.

इतकं करून कुटुंब लंडनला पोहोचलं की पहिला प्रश्न असायचा, आता राहायचं कुठे?

सरकारी घर का मिळत नव्हतं?

ब्रिटनमध्ये 'काउन्सिल हाऊसिंग' नावाची व्यवस्था आहे. आपल्याकडे म्हाडाची लॉटरी लागली की घर विकत मिळतं. तिथे महापालिका स्वतः घरं बांधते आणि कमी भाड्याने देते. पूर्व लंडनमधली बहुतेक घरं दोन संस्थांच्या हातात होती. एक स्थानिक टॉवर हॅम्लेट्स काउन्सिल आणि दुसरी संपूर्ण लंडनची ग्रेटर लंडन काउन्सिल, म्हणजेच जीएलसी.

कागदावर ही घरं गरजेनुसार सगळ्यांना मिळणार होती. प्रत्यक्षात मात्र तीन अडचणी होत्या.

पहिली, प्रतीक्षा यादी. यादीत येण्यासाठी त्या भागात ठरावीक काळ राहिल्याचा पुरावा लागायचा. नुकतंच आलेलं कुटुंब यादीत शेवटी जायचं. नवरा वीस वर्षं तिथे राबत असला तरी इतकी वर्षं तो 'एकटा पुरुष' होता, त्यामुळे त्याचा फारसा उपयोग व्हायचा नाही.

दुसरी, वाटप. यादीतून नंबर लागला तरी बंगाली कुटुंबाला बहुतेकदा सगळ्यात जुन्या, ओल आलेल्या इमारतीतलं घर दाखवलं जायचं.

तिसरी आणि सगळ्यात गंभीर अडचण म्हणजे सुरक्षितता. चांगलं घर मिळालं तरी ते बहुतेक वेळा पूर्णपणे गोऱ्या वस्तीत असायचं. तिथे खिडक्या फोडणं, दारातल्या पत्रपेटीतून घाण टाकणं, मुलांना मारहाण हे प्रकार नेहमीचे होते. नवरा कारखान्यात गेला की भाषा न येणारी बाई मुलांसह दिवसभर दार लावून बसायची. शेवटी कुटुंबं ते घर सोडून पुन्हा ब्रिक लेनजवळच्या कोंदट खोल्यांमध्ये परत यायची. मग काउन्सिल म्हणायची, "आम्ही घर दिलं होतं, यांनीच सोडलं."

पण भेदभाव तर बेकायदेशीर होता ना?

होता, पण तो उशिरा बेकायदेशीर झाला. ब्रिटनचा वंशभेदविरोधी पहिला कायदा १९६५ चा. त्यात घरांचा विषयच नव्हता. म्हणजे 'काळ्यांना घर मिळणार नाही' अशी पाटी लावणं त्यानंतरही कायदेशीर होतं. १९६८ च्या कायद्याने घरांच्या बाबतीतला भेदभाव बेकायदेशीर ठरवला. मग १९७६ च्या रेस रिलेशन्स ॲक्टने अप्रत्यक्ष भेदभावही त्यात आणला. अप्रत्यक्ष भेदभाव म्हणजे असा नियम, जो दिसायला सगळ्यांना सारखा असतो, पण ज्याचा फटका एकाच समाजाला बसतो.

प्रतीक्षा यादीचे नियम नेमके याच प्रकारात मोडत होते. पण कायदा आला म्हणून दुसऱ्या दिवशी घर मिळत नाही. कोर्टात जायला वेळ, पैसा आणि इंग्रजी तिन्ही लागतं. या कुटुंबांकडे तिन्ही नव्हतं.

त्याच वेळी एक विचित्र गोष्ट घडत होती. पूर्व लंडनमध्ये शेकडो घरं रिकामी पडून होती. जुन्या इमारती पाडून नवं बांधकाम करायचं म्हणून काउन्सिलने त्या रिकाम्या केल्या होत्या, पण पुढचं काम रखडलं होतं. एकीकडे घर नसलेले लोक आणि दुसरीकडे लोक नसलेली घरं.

मग लोक घरांत घुसले?

हो. याला 'स्क्वॉटिंग' म्हणतात. रिकाम्या पडलेल्या घरात मालकाच्या परवानगीशिवाय राहायला जाणं.

आज हे ऐकून आश्चर्य वाटेल, पण त्या काळी इंग्लंडमध्ये असं राहणं हा फौजदारी गुन्हा नव्हता. तो मालक आणि राहणारा यांच्यातला दिवाणी वाद मानला जायचा. आत कुणी राहत असेल तर मालकालाही जबरदस्तीने दार फोडून आत शिरता यायचं नाही. त्याला कोर्टातून ताबा मिळवावा लागायचा. सत्तरच्या दशकात लंडनमध्ये हजारो लोक असे राहत होते. त्यात विद्यार्थी होते, कलाकार होते, बेघर गोरी कुटुंबंही होती.

पद्धत साधारण ठरलेली होती. रिकामं घर हेरायचं. आत जाऊन लगेच दाराचं कुलूप बदलायचं. घर कधीच पूर्ण रिकामं ठेवायचं नाही, कोणीतरी आत असायलाच हवं. मग नळ दुरुस्त करायचे, तोडलेल्या वायरी जोडायच्या आणि वीज कंपनीकडे स्वतःच्या नावाने रीतसर मीटर मागायचं. बिल वेळेवर भरायचं. वीजबिल हा आपण इथे राहत असल्याचा पुरावा ठरायचा.

बंगाली कुटुंबं सत्तरच्या दशकाच्या मध्याला एकेक करून असं राहायला लागली होती. टेरी फिट्झपॅट्रिक हा स्थानिक गोरा स्क्वॉटर घरं उघडायला आणि राहण्याजोगी करायला त्यांना मदत करत होता. पण एकटंदुकटं कुटुंब कधीही बाहेर काढलं जाऊ शकत होतं. संघटना हवी होती.

इथे पुण्याचा संबंध येतो

लंडनच्या ब्रिक्स्टन भागातून 'रेस टुडे' नावाचं मासिक निघायचं. १९७३ पासून त्याचे संपादक होते त्रिनिदादहून आलेले डार्कस हाऊ. या गटाचं म्हणणं होतं की स्थलांतरितांसाठी दुसऱ्या कुणी बोलायची गरज नाही, ते स्वतः संघटित होऊ शकतात. आपण फक्त सोबत उभं राहायचं.

या गटात फारुख धोंडी होते. १९४४ मध्ये पुण्यात जन्मलेले, पारशी कुटुंबातले, केंब्रिजला शिकून लंडनच्या शाळेत शिकवणारे. पुण्यातल्या लहानपणावरचं त्यांचं 'पूना कंपनी' हे पुस्तक १९८० मध्ये आलं. त्यांच्यासोबत होत्या माला सेन. हे नाव ओळखीचं वाटत असेल तर कारण असं, की फूलन देवीचं चरित्र लिहिणाऱ्या त्या याच माला सेन. 'बँडिट क्वीन' हा सिनेमा त्याच पुस्तकावर आधारलेला आहे.

धोंडी, सेन, हाऊ, फिट्झपॅट्रिक आणि स्वतः बंगाली स्क्वॉटर कुटुंबं यांच्या बैठकांतून १९७६ मध्ये 'भाग' उभी राहिली. हे नाव लंडनमधल्या इंग्रजांना कदाचित कळलं नसेल, पण मराठी माणसाला लगेच कळेल. बंगालीतही 'भाग' म्हणजे वाटा, हिस्सा. शिवाय ते ऐकायला 'बाघ' म्हणजे वाघासारखंही वाटतं.

'भाग'ने नेमकं काय केलं?

त्याच वर्षी स्पिटलफील्ड्समधल्या पेलहॅम बिल्डिंग्स या पाडायला काढलेल्या इमारतीत बंगाली कुटुंबं राहायला गेली. एकेक सुटं घर घेण्याऐवजी अख्खी इमारत घेणं हा यातला महत्त्वाचा बदल होता. का?

कारण एकत्र राहिलं की संरक्षण मिळतं. हल्ला झाला तर शेजारी धावून येतात. तरुण मुलं रात्री आळीपाळीने पहारा देऊ शकतात. बायकांना दिवसा बोलायला शेजारीण मिळते. आणि काउन्सिलला एक कुटुंब गुपचूप बाहेर काढता येतं, पण मुलाबाळांनी भरलेली इमारत वर्तमानपत्रांच्या डोळ्यांदेखत रिकामी करणं सोपं नसतं.

'भाग'ची मागणीही स्पष्ट होती. फुकट घर नको, आम्ही भाडं भरायला तयार आहोत. पण घर ब्रिक लेनच्या आसपासच हवं, जिथे आमचे कारखाने, दुकानं, मशीद आणि नातेवाईक आहेत, आणि जिथे आम्हाला मारणार नाहीत.

१९७७ मध्ये जीएलसीमध्ये सत्ताबदल झाला आणि कॉन्झर्वेटिव्ह पक्ष आला. हा पक्ष स्क्वॉटर्सना सरळ हुसकावेल असं वाटलं होतं. त्यांनी वेगळाच मार्ग काढला. हजारो लोकांना एकेक करून कोर्टात खेचण्यापेक्षा त्यांनी त्या वर्षाच्या अखेरीस माफी जाहीर केली. ठरलेल्या मुदतीत नाव नोंदवणाऱ्यांना कायदेशीर भाडेकरू म्हणून पर्यायी घर मिळेल, असं ते धोरण होतं. त्यासाठी अनेकदा इतर कुणी घ्यायला तयार नसलेले फ्लॅट पुढे केले जायचे.

इथे संघटना असल्याचा फायदा झाला. मिळेल ते घर घेण्याऐवजी, कोणत्या वसाहतींमध्ये आमचे लोक सुरक्षित राहू शकतात याची यादीच 'भाग'ने जीएलसीसमोर ठेवली. बरीच कुटुंबं त्याच परिसरात कायदेशीर भाडेकरू म्हणून स्थिरावली.

'घेटो' हवाय का?

सगळं सुरळीत होतंय असं वाटत असताना दोन गोष्टी घडल्या.

पहिली ४ मे १९७८ ला. अल्ताब अली हा पंचविशीतला बंगाली कामगार कारखान्यातून घरी निघाला होता. व्हाईटचॅपलजवळ काही तरुण मुलांनी त्याला भोसकून मारलं. त्यांची त्याच्याशी ओळखही नव्हती. त्या दिवशी स्थानिक निवडणुकीचं मतदान होतं आणि स्थलांतरितविरोधी 'नॅशनल फ्रंट'नेही उमेदवार उभे केले होते. दहा दिवसांनी, १४ मे रोजी, सुमारे ७ हजार लोक अलीच्या शवपेटीमागे पूर्व लंडनहून हाइड पार्कपर्यंत आणि पुढे डाउनिंग स्ट्रीटला पंतप्रधानांच्या दारापर्यंत चालत गेले. ब्रिटनमधल्या बंगाली समाजाच्या तोपर्यंतच्या मोठ्या आंदोलनांपैकी ते एक होतं.

दुसरी गोष्ट जूनमध्ये. जीएलसी काही इमारती फक्त बंगाली कुटुंबांसाठी ठेवणार, अशी बातमी आली. वर्तमानपत्रांनी त्याला 'घेटो' म्हटलं. मग वाद पेटला. उजवे म्हणाले, यांना खास वागणूक का? आणि वंशभेदाच्या विरोधात लढणारे अनेक जणही म्हणाले, रंगावरून वेगळी वस्ती करणं म्हणजे वंशभेदच.

'भाग'ची बाजू या दोन्हींपेक्षा वेगळी होती. त्यांनी 'फक्त बंगाल्यांची इमारत' मागितलीच नव्हती. त्यांचं म्हणणं होतं की कुठे राहायचं हे ठरवायचा हक्क आम्हाला द्या. एखाद्या कुटुंबाला गोऱ्या वस्तीत राहायचं असेल तर त्याने जरूर जावं, पण मिसळून राहण्याची किंमत म्हणून त्या कुटुंबातल्या बाईने रोज दगड झेलावेत अशी सक्ती करू नका. शेवटी ती योजना मागे पडली, पण कुटुंबांना सुरक्षित वाटेल अशा भागात घर देण्याचा मुद्दा टिकला.

हा वाद आजही जगभर होतो. एकाच समाजाचे लोक एकत्र राहायला लागले की 'हे मिसळत नाहीत' असं म्हटलं जातं. त्यांना बाहेर घर का मिळत नाही किंवा मिळालं तर का सोडावं लागतं, हा प्रश्न मात्र मागे राहतो.

पुढे काय झालं?

लढाई एका फेरीत संपली नाही.

१९७७ मध्येच ब्रिटनमध्ये बेघरांसाठी नवा कायदा झाला होता. बेघर कुटुंबाला घर देणं ही काउन्सिलची जबाबदारी ठरली, पण त्यात एक पळवाट होती. कुणी 'जाणूनबुजून बेघर' झालं असेल तर पूर्ण जबाबदारी राहत नाही. १९८७ मध्ये टॉवर हॅम्लेट्स काउन्सिलने हेच कलम बांगलादेशी कुटुंबांना लावलं. युक्तिवाद असा, की यांचं बांगलादेशात घर होतं, ते सोडून आले म्हणजे जाणूनबुजून बेघर झाले! पुन्हा निदर्शनं, पुन्हा कोर्टकचेऱ्या झाल्या. १९८८ मध्ये कमिशन फॉर रेशियल इक्वॅलिटी या सरकारी आयोगाने आपल्या अहवालात या काउन्सिलने घरवाटपात बांगलादेशी कुटुंबांशी भेदभाव केल्याचा ठपका ठेवला. म्हणजे लोक दहा-बारा वर्षं जे ओरडून सांगत होते, ते अधिकृत कागदावर आलं.

दरम्यान समाज राजकारणातही उतरत होता. इथे एक मुद्दा लक्षात घ्यायला हवा. कॉमनवेल्थ देशांतून येऊन ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांना तिथे मतदान करता येतं आणि निवडणूकही लढवता येते. त्यामुळे बांगलादेशी स्थलांतरितांकडे मताची ताकद होती. १९८२ मध्ये टॉवर हॅम्लेट्समध्ये बांगलादेशी वंशाचे नगरसेवक निवडून आले.

उलट बाजूही होती. सप्टेंबर १९९३ मध्ये याच टॉवर हॅम्लेट्सच्या मिलवॉल वॉर्डात अतिउजव्या बीएनपीचा उमेदवार पोटनिवडणूक जिंकला. प्रचाराचा मुख्य मुद्दा घरांचाच होता. गोऱ्या कामगार कुटुंबांनाही घरं मिळत नव्हती, कारण नवी घरं बांधणंच जवळपास थांबलं होतं. पण राग निघाला तो शेजारच्या बंगाल्यांवर. मे १९९४ मध्ये स्थानिकांनी मोठ्या संख्येने मतदान करून ती जागा परत घेतली.

१९९८ मध्ये, अल्ताब अलीचा खून झाला तिथल्या उद्यानाला त्याचं नाव देण्यात आलं. आणि २०२१ च्या जनगणनेनुसार टॉवर हॅम्लेट्समधले सुमारे ३५ टक्के लोक बांगलादेशी वंशाचे आहेत.

म्हणजे प्रश्न सुटला?

नाही. त्याचं रूप बदललं.

१ सप्टेंबर २०१२ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये राहत्या घरांच्या इमारतीत स्क्वॉटिंग करणं हा गुन्हा आहे. म्हणजे 'भाग'ने वापरलेला मार्ग आज बंद झाला आहे.

ब्रिक लेनवर आता दगडांपेक्षा भाडेवाढीची भीती जास्त आहे. लंडनच्या आर्थिक केंद्रापासून हा भाग चालत जाण्याच्या अंतरावर असल्याने जागांचे भाव प्रचंड वाढलेत. २०२१ मध्ये तिथल्या जुन्या ट्रूमन ब्रुअरीच्या जागेवर ऑफिस आणि दुकानांचं संकुल बांधायच्या योजनेला स्थानिकांनी मोठ्या प्रमाणावर लेखी हरकती घेतल्या. त्यांचं म्हणणं होतं, आम्हाला ऑफिसं नकोत, परवडणारी घरं हवीत. तरीही काउन्सिलच्या समितीने त्याला मंजुरी दिली.

'आपला माणूस सत्तेत गेला की प्रश्न सुटतो' या समजालाही इथे धक्का बसतो. सिल्हेटमध्ये जन्मलेल्या रुशनारा अली २०१० मध्ये याच भागातून खासदार झाल्या. ब्रिटिश संसदेत निवडून गेलेल्या त्या पहिल्या बांगलादेशी वंशाच्या व्यक्ती. पुढे त्या बेघरांच्या प्रश्नांसाठीच्या मंत्री झाल्या. पण ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांना राजीनामा द्यावा लागला. त्यांच्या मालकीच्या घरातून भाडेकरू गेल्यावर तेच घर जास्त भाड्याने देऊ केल्याची बातमी आली होती. आपण सगळे कायदेशीर नियम पाळले, असं त्यांनी सांगितलं होतं.

या गोष्टीतून काय कळतं?

एक, कायद्यात हक्क लिहिणं आणि तो हातात पडणं यात बरंच अंतर असतं. १९६८ च्या कायद्यानंतर टॉवर हॅम्लेट्समधल्या भेदभावावर अधिकृत शिक्कामोर्तब व्हायला २० वर्षं लागली.

दोन, घरांचा तुटवडा असला की दोष सगळ्यात नव्याने आलेल्यावर जातो. घरं कुणी बांधली नाहीत, हे विचारणं अवघड असतं. शेजाऱ्याकडे बोट दाखवणं सोपं असतं.

आणि तीन, 'भाग'च्या यशाचं कारण कुलूप तोडण्यात नव्हतं, ते तर अनेकांनी तोडलं. माफी जाहीर झाली तेव्हा आपल्याला कुठे राहायचंय याची यादी त्यांच्याकडे तयार होती आणि त्या यादीमागे एकत्र उभी असलेली कुटुंबं होती. म्हणून मिळेल तिथे पांगण्याऐवजी ती ब्रिक लेनच्या आसपास राहू शकली.